विचारून खाण्याचा नियम

वाराणसीचे नाव निघताच मराठी माणसाच्या मनापुढे गंगेचे घाट, विश्वेश्वराचे मंदिर आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहून अध्ययन-अध्यापन करणारी दक्षिणी घराणी उभी राहतात. मांसाहाराचा विचार त्या नगरीच्या संदर्भात सहसा कोणी करीत नाही. तथापि मांस खाण्यापूर्वी माणसाने काय पाहावे, यासंबंधीचा भारतातील एक अत्यंत जुना नियम ज्या कथेतून सांगितला गेला, ती कथा याच नगरीच्या बाजारात घडते.

पाली विनयपिटकाच्या महावग्ग या ग्रंथात ही कथा आहे. भगवान बुद्ध वाराणसीजवळ ऋषिपतनाच्या मृगदावात, म्हणजे आजच्या सारनाथला, राहत होते. सुप्रिया नावाची एक उपासिका विहारात जाऊन कोण आजारी आहे, कोणाला काय हवे, याची चौकशी करीत असे. एका भिक्षूने रेचक घेतले होते. त्याला मांसाचा रस हवा होता. सुप्रियेने घरी येऊन सेवकाला तयार मांस आणण्यास धाडले. सेवकाने सारी वाराणसी पालथी घातली आणि तो रिकाम्या हाताने परतला. त्या दिवशी नगरात ‘माघात’ होता, म्हणजे जनावर मारू नये अशी आज्ञा होती. दिलेला शब्द मोडावयाचा नाही म्हणून सुप्रियेने स्वतःच्या मांडीचे मांस कापून दिले, त्याचा रस करवून रुग्णाकडे पाठविला आणि ती अंथरुणाला खिळली. बुद्धांच्या दर्शनाने तिची जखम भरून आली, असे कथा सांगते. परंतु कथेचा शेवट त्या चमत्काराने होत नाही. बुद्धांनी संघाला एकत्र बोलाविले आणि त्या भिक्षूला विचारले, ‘हे मांस कशाचे आहे, याची तू चौकशी केली होतीस काय?’ भिक्षूने नाही म्हणून सांगितले. त्यावर बुद्धांनी त्याला दोष दिला आणि नियम घालून दिला की, चौकशी केल्याविना भिक्षूने मांस खाऊ नये.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोष सुप्रियेला दिला गेला नाही. तिची तर स्तुतीच झाली. दोष दिला गेला तो न विचारणाऱ्याला. अत्यंत श्रद्धेने, अत्यंत प्रेमाने दिलेल्या अन्नाबाबतही ‘हे काय आहे’ असे विचारणे हा देणाऱ्याचा अपमान नव्हे, तर खाणाऱ्याचे कर्तव्य आहे, असा या नियमाचा अर्थ होतो. गोव्यातून निघून विद्यार्थिदशेत काशीस राहिलेले धर्मानंद कोसंबी यांनी पाली वाङ्मय मराठीत आणले आणि ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्या काळच्या मांसाहाराची मोकळेपणाने चर्चा केली. त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला अगदी अपरिचित नाही.

मेंढीच्या किंवा बकऱ्याच्या मांसाबाबत आज विचारावयाचे झाले तर प्रश्न तीनच आहेत: हे कोणाचे, ते कसे मेले, आणि मेल्यानंतर ते कसे ठेवले गेले. निरनिराळ्या समाजांत मांसाविषयी ज्या रूढी आढळतात त्या बहुतेक या तीन प्रश्नांची उत्तरे आहेत. काही उत्तरे आधुनिक शास्त्राला पटतात, काही अपुरी पडतात. आणि काही बाबतींत रूढीने प्रश्नच विचारलेला नाही.

पहिला प्रश्न, हे मांस कोणाचे? जातककथांतील बहुसंख्य कथा वाराणसीत ब्रह्मदत्त राजा राज्य करीत असता घडतात. त्यांपैकी एका कथेत श्राद्धासाठी मारावयास आणलेला एक पशू आधी हसतो आणि मग रडतो. हसतो तो स्वतःची आता जन्मोजन्मीच्या वधातून सुटका होणार म्हणून, आणि रडतो तो मारणाऱ्या ब्राह्मणाच्या वाट्याला तेच दुःख येणार म्हणून. पालीत त्या पशूला ‘एळक’ म्हटले आहे. मराठीतील ‘एडका’ हा त्याच शब्दाचा वंशज. मराठीत एडका, मेंढी, कोकरू आणि बोकड, शेळी, करडू अशी दोन स्वतंत्र कुळे शब्दांतही निराळी राखली आहेत. परंतु बाजारातील ‘मटण’ या शब्दाने ती पुसून टाकली. इंग्रजीत तो शब्द वयात आलेल्या मेंढीच्या मांसाचा; आपल्याकडे मात्र तो बहुधा बोकडाच्या मांसाला लागतो. वाराणसीच्या बाजारात खच्ची केलेल्या बोकडाला ‘खस्सी’ म्हणतात आणि जाणते गिऱ्हाईक तेच मागते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सोललेल्या धडाला शेपटी तशीच ठेवतात. ती पाहून बोकड की मेंढी हे ओळखता येते. गिऱ्हाइकाने तोंड उघडण्यापूर्वीच पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची ही रीत होय.

कोणाचे, यात वयाचाही प्रश्न येतो. कोवळ्या जनावराच्या मांसातील जोडणारे तंतू उष्णतेने चटकन विरघळतात, म्हणून ते लवकर शिजते. वय वाढले की तेच तंतू घट्ट होतात. मांसाचा रंग गडद होतो आणि ते मंद आचेवर बराच वेळ ठेवावे लागते. पाश्चात्त्य देशांत वर्षाच्या आतील कोकराच्या मांसाला मोठा मान आहे. काशीच्याच दिवोदास धन्वंतरीच्या मुखातून सांगितलेल्या सुश्रुतसंहितेचा कल मात्र निराळा आहे. वाळलेले, सडलेले, रोगाने किंवा विषाने मेलेल्याचे, म्हाताऱ्याचे आणि कृश जनावराचे मांस तिने वर्ज्य सांगितले आहेच. पण त्याच यादीत अगदी बाल जनावराचे मांसही घातले आहे. बकरी ईदच्या कुर्बानीसाठीही बोकड किमान एक वर्षाचा असावा लागतो. मेंढा सहा महिन्यांचा चालतो, पण तो वर्षाचा दिसण्याइतका भरलेला असावा लागतो. आंधळे, लंगडे किंवा उघड आजारी जनावर चालत नाही. मदनपुरा किंवा अलईपुरा या विणकरांच्या मोहल्ल्यांत ईदपूर्वी बोकडाचे दात पाहून वय ठरविणारा वडीलधारा माणूस आणि वध करण्यापूर्वी जनावर चालवून पाहणारा पशुवैद्य, हे दोघे निरनिराळ्या कारणांनी पुष्कळसे एकच काम करीत असतात.

दुसरा प्रश्न, ते कसे मेले? इस्लाममध्ये आपोआप मेलेले, गुदमरून, पडून किंवा दुसऱ्या जनावराच्या शिंगाने मेलेले जनावर निषिद्ध आहे. ते जिवंत असताना विधिपूर्वक कापलेले असावे आणि त्याचे रक्त वाहून गेलेले असावे. यहुदी धर्मशास्त्र याही पुढे जाते: कापल्यानंतर जनावराची फुप्फुसे तपासावी लागतात आणि त्यांत ठरावीक प्रकारचा दोष आढळला तर मांस बाद होते. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाने हे निर्बंध अलिबाग-पेणच्या परिसरात शतकानुशतके सांभाळले. मांस आणि दूध एकत्र करावयाचे नाही म्हणून त्यांच्या रश्श्यात नारळाचे दूध आले. एका घावात मान उडविण्याची झटक्याची रीत निराळी. पण तीही जिवंत, धडधाकट जनावर गृहीत धरते. या साऱ्या रीतींचा हेतू धार्मिक आहे, आरोग्यशास्त्र हे त्यांचे मूळ नव्हे. तरीही एका बाबतीत त्या सर्वांचा निर्णय एकच पडतो, तो म्हणजे मेलेले जनावर खावयाचे नाही.

याचे शास्त्रीय कारण गंभीर आहे. निरोगी जनावराच्या मांसपेशींच्या आत सामान्यतः जंतू नसतात. ते कातडीवर आणि आतड्यांत असतात आणि सुरी, हात व पाणी यांच्याद्वारे मांसावर येतात. रोगाने मेलेल्या जनावरात मात्र जंतू रक्तातूनच सर्वत्र पसरलेले असतात. मेंढ्यांतील सर्वांत भयंकर उदाहरण काळपुळीचे. ठणठणीत दिसणारी मेंढी अचानक मरते, नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त येते. असे जनावर कापणे तर दूरच, पण उघडणेही धोक्याचे. हवा लागताच त्या जंतूंची कठीण बीजे बनतात आणि ती जमिनीत अनेक वर्षे टिकतात. अशा वेळी पशुवैद्याला कळविणे आणि जनावर न उघडता खोल पुरणे किंवा जाळणे, हाच मार्ग.

परंतु हे विचारण्याचा अधिकार सर्वांना सारखा नव्हता. महाराष्ट्रात अस्पृश्य मानलेल्या समाजावर मेलेली जनावरे ओढण्याचे काम लादले गेले आणि त्यांचे मांस हा त्या कामाचा मोबदला ठरविला गेला. भुकेल्या माणसाने ‘हे कसे मेले’ असे कोणाला विचारावे? मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडून द्या, असा आग्रह धरला, तो प्रामुख्याने स्वाभिमानासाठी. पण आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तरी तो तितकाच मोलाचा होता. पुढे १९५६ साली त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी ज्या धम्माचा स्वीकार केला, त्या धम्माच्या विनयग्रंथात चौकशी केल्याविना मांस खाऊ नये असा नियम आहे, हा योग अर्थपूर्ण आहे. जो विचारू शकतो तोच सुरक्षित खाऊ शकतो. आणि विचारता येणे ही आधी माणसाच्या प्रतिष्ठेची गोष्ट आहे.

जेथे रूढीने प्रश्नच विचारला नाही अशी एक बाब येथेच नोंदविली पाहिजे. जत्रेत असो वा खाटकाच्या दुकानामागे असो, नको असलेली आतडी, फुप्फुसे, काळजाचे खराब तुकडे कुत्र्यांपुढे टाकण्याची सवय सर्वत्र आहे. मेंढीच्या यकृतात व फुप्फुसात कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी आढळतात. त्या एका लहानशा फीतकृमीच्या असतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात कृमी वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर येतात. तेथून ती मुलांच्या हाताला लागून पोटात जातात आणि माणसाच्या यकृतात तशाच गाठी वर्षानुवर्षे वाढत राहतात. म्हणजे हा रोग मांस खाणाऱ्याला मांसातून होत नाही. तो मांसाला कधी स्पर्शही न केलेल्या शेजाऱ्यालाही होऊ शकतो. गाठींचा अवयव पुरावा किंवा जाळावा, कुत्र्याला घालू नये, एवढी एक शिस्त पाळल्यास ही साखळी तुटते.

तिसरा प्रश्न, मेल्यानंतर ते कसे ठेवले? जनावर मेल्यानंतर काही तासांत त्याचे स्नायू ताठ होतात आणि मांस चिवट लागते. पुढे ते हळूहळू सैल पडते. थंड देशांत यासाठी धड शीतगृहात टांगून ठेवतात. महाराष्ट्रात किंवा गंगेच्या खोऱ्यात, उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जात असता, ते शक्य नव्हते. म्हणून येथील पद्धत निराळी पडली: सकाळी कापावे, लगेच आणावे, दही किंवा कच्च्या पपईने मऊ करावे आणि दुपारच्या आत शिजवावे. देवापुढील बळीचे जेवण त्याच ठिकाणी संपवावे, घरी नेऊ नये, अशी काही ठिकाणी असलेली रूढीही याच हवामानाला साजेशी आहे.

ताजे मांस ओलसर असते, पण बुळबुळीत नसते; बोटाने दाबले तर खळगा पुन्हा भरून येतो आणि त्याला आंबूस वास नसतो. घरी आणल्यावर ते नळाच्या धारेखाली खळखळून धुण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. त्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर कोशिंबिरीच्या ताटापर्यंत पोहोचतात. धुवावयाचे ते हात, सुरी आणि पाट. जंतू मारण्याचे काम आच करते. अखंड तुकड्याच्या पृष्ठभागावर जंतू असतात, परंतु खिम्यात पृष्ठभागच आत मिसळला जातो. म्हणून खिम्याचे कबाब बाहेरून खरपूस झाले एवढ्यावर समाधान मानू नये. आतील भाग ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे, तेथे तांबूसपणा राहता कामा नये. मेंढीच्या कच्चट मांसातून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी गर्भातील मुलाला अपाय करू शकतो, म्हणून गर्भवती स्त्रीने या बाबतीत विशेष जपावे.

तास-दोन तास रटरटणाऱ्या मराठी रश्श्याला शिजण्याचे भय फारसे नाही. त्याचे खरे भय शिजल्यानंतर सुरू होते. लग्नकार्यात किंवा जत्रेत मोठ्या डेगीत रस्सा होतो, जेवणे उरकतात आणि उरलेली डेग झाकून रात्रभर तशीच राहते. उकळीने जंतू मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम जातीच्या काही जंतूंची बीजे उकळीतही जिवंत राहतात. डेग मोठी असल्याने ती अत्यंत सावकाश निवते आणि ६० ते ५ अंशांच्या दरम्यानच्या त्या दीर्घ कोमट अवस्थेत ही बीजे उमलून अगणित होतात. वास बदलत नाही, चव बदलत नाही. सकाळी तोच रस्सा कोमट करून वाढला की दुपारपर्यंत पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात आणि दोष मात्र मसाल्याला दिला जातो. उपाय साधा आहे: उरलेला रस्सा लगेच लहान, उथळ भांड्यांत काढावा, दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा आणि वाढण्यापूर्वी खळखळून उकळावा.

आता पुन्हा वाराणसीच्या बाजाराकडे वळावयाचे. सुप्रियेच्या सेवकाला भेटलेला ‘माघात’ आजही निरनिराळ्या रूपांनी तेथे भेटतो. मराठी कुटुंबाला तर तो चकवितोही. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे काशीतील सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी लागतो आणि मराठी श्रावण त्यानंतर सुमारे पंधरा दिवसांनी. आषाढी अमावास्येला महाराष्ट्रातील मांसाहारी घरांत श्रावणापूर्वीचे शेवटचे मटण शिजत असते, तेव्हा काशीत कावडीयात्रा ऐन भरात असते आणि मांसाची दुकाने अनेक भागांत बंद असतात. एकच व्रत, पण दोन पंचांगे.

काही बंदी ऋतूची, तर काही कायद्याची. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने देशभर मांसाच्या विक्रीला परवाना आवश्यक केला. वधापूर्वी जनावराची आणि वधानंतर मांसाची तपासणी हा त्याखालील नियमांचा गाभा आहे. २०१७ साली उत्तर प्रदेशात विनापरवाना कत्तलखान्यांवर मोठी कारवाई झाली. २०२४ साली वाराणसी महापालिकेने विश्वनाथ मंदिराभोवतीच्या दोन किलोमीटरच्या परिघात मांसविक्रीस मनाई करण्याचा ठराव केला. तीर्थक्षेत्राचे पावित्र्य जपण्याची भावना पुष्कळांची आहे. विक्रेत्याच्या पोटाचा आणि खाणाऱ्याच्या सवयीचा प्रश्नही खोटा नाही. आरोग्यशास्त्राला या वादात एकच गोष्ट सांगावयाची आहे. दुकान बंद झाल्याने मांस खाणे थांबतेच असे नाही; पुष्कळदा ते आडोशाला जाते. तेथे शेपटी दिसत नाही, शिक्का दिसत नाही, जनावर कोणी पाहिलेले नसते आणि घेणारा लाजेने किंवा भीतीने विचारीतही नाही. म्हणून जेथे बंदी असेल तेथेही जवळपास कोठेतरी स्वच्छ, तपासणी होणारे, सांडपाणी गंगेत न सोडणारे वधगृह आणि परवानाधारक दुकान असणे अगत्याचे आहे. मांस खाणाऱ्याइतकेच ते न खाणाऱ्याच्याही हिताचे आहे, कारण पाणी, माश्या आणि कुत्री ही कोणाचे व्रत पाहून फिरत नाहीत.

सुप्रियेच्या कथेतील रुग्ण भिक्षू वाईट नव्हता. तो केवळ आजारी आणि विश्वासू होता. समोर आलेला वाडगा त्याने कृतज्ञतेने तोंडाला लावला. आजही पाहुणा म्हणून पानावर बसलेला माणूस तेच करतो आणि विचारणे हा उद्धटपणा समजतो. काशीत सांगितलेला तो नियम त्याला वेगळे काही शिकवितो. मांस खावे की न खावे, हा ज्याच्या त्याच्या धर्माचा आणि मनाचा प्रश्न. परंतु खावयाचे ठरल्यावर ते कोणाचे, कसे मेले आणि कसे ठेवले, हे विचारणे हा प्रत्येकाचाच धर्म आहे. आणि ज्या समाजात खाटकाला, यजमानाला आणि सरकारलाही हे प्रश्न निर्भयपणे विचारता येतात, तेथे पानावरचे अन्न पुष्कळसे निर्धोक झालेले असते.